कंपनीतून वर्गात

मुलगा इंजिनियर झाला, नामांकित कंपनीत लागला, दरमहा पगार घरी येऊ लागला, म्हणजे आपल्या कुटुंबांत एक मोठे कर्तव्य पार पडल्याचे समाधान पसरते. अशा मुलाने पाच-सात वर्षांनी, "नोकरी सोडून विद्यापीठात शिकविण्याचे काम पत्करावे म्हणतो," असा विषय काढला की त्या समाधानावर विरजण पडते. आजोबा गप्प राहतात, काका कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतात, आणि मुलाची आई, सून काय म्हणते याचा अंदाज घेत ताटे उचलू लागते. मास्तरकीबद्दल आपल्या घरांत आदर पुष्कळ आहे. परंतु तो आदर शेजारच्या घरातील मास्तराविषयी असतो.

आमच्या नंदाखालसारख्या गावी या प्रश्नास आणखी एक पदर आहे. विरार स्टेशन गाठून पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणे आणि दिवेलागणीनंतर परतणे हा येथील कित्येक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोटापाण्याचा मार्ग. केळी आणि पानवेली यांवर सर्वांचे भागेना, तेव्हा या गाडीने पुष्कळ घरे सावरली. साहजिकच कंपनीच्या नोकरीकडे आम्ही केवळ नोकरी म्हणून पाहत नाही. ती घराच्या छपरावरील कौले आहेत असे मानतो. ती कौले कोणी आपल्या हाताने उतरवू लागला तर घरच्यांनी घाबरू नये असे कोण म्हणेल?

याच्या उलट दिशेने गेलेल्या पुरुषांच्या कथा आपणांस तोंडपाठ आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती शिक्षकी सोडून ते व्यवसायात पडले, नांगर घडविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. वर्गातून कारखान्यात जाण्याचा हा मार्ग मुलांच्या क्रमिक पुस्तकांत शोभून दिसतो. कारखान्यातून वर्गात गेलेल्यांची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही; कारण तीत धुराडे नाही, भोंगा नाही, आणि शेवटी दाखविण्यास मोठी इमारतही नसते. म्हणून या महिन्यात तशीच एक कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत. कथानायक पुण्याचे आहेत, कर्मभूमी अमेरिका आहे, आणि विषय मात्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचणारा आहे.

अरविंद कृष्ण जोशी यांचा जन्म ५ ऑगस्ट १९२९ रोजी पुण्यास झाला. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि १९५० साली जोशी विजेच्या व संदेशवहनाच्या इंजिनियरिंगचे बी. ई. झाले; म्हणजे त्या विद्यापीठाच्या अगदी आरंभीच्या पदवीधरांपैकी ते एक. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची संदेशवहन-शास्त्रातील पदविका त्यांनी १९५२ मध्ये मिळविली. १९५४ साली ते अमेरिकेतील कॅम्डेन या गावी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीत इंजिनियर म्हणून लागले. ज्यांच्या माळ्यावर जुना ग्रामोफोन अद्याप धूळ खात पडला असेल त्यांनी त्यावरील ते कुत्र्याचे चित्र आठवावे. कर्ण्यापाशी कान लावून बसलेले ते कुत्रे अमेरिकेत ज्या व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांवर बसे, ती कंपनी या रेडिओ कॉर्पोरेशनने १९२९ साली विकत घेतली होती, आणि तिचा कारखाना कॅम्डेनलाच होता. तेव्हा नोकरी केवढ्या घरची होती हे निराळे सांगावयास नको. पुण्याच्या एका तरुणास १९५४ साली तेथे जागा मिळावी, यापरते आणखी काय हवे असे त्या काळी कोणासही वाटले असते.

कॅम्डेन आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये डेलावेअर नदी आहे. एका तीरावर कंपनी, दुसऱ्या तीरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. जोशी यांनी कंपनीतील नोकरी सांभाळून विद्यापीठात पुढचा अभ्यास चालविला आणि १९५८ मध्ये एम. एस. ही पदवी घेतली. त्याच वर्षी कंपनी सुटली. उडी मारण्यापूर्वी चार वर्षे त्यांनी पाण्याचा ठाव घेतला होता, ही गोष्ट नोकरी सोडण्याची घाई झालेल्या तरुणांनी आणि त्यांना अडविण्याची घाई झालेल्या वडीलधाऱ्यांनी, दोघांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

पलीकडच्या तीरावर त्यांना काय सापडले? ज्या विद्यापीठात १९४६ साली एनिआक हे प्रचंड गणकयंत्र प्रथम जगापुढे आले, त्याच विद्यापीठात झेलिग हॅरिस नावाचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. वाक्यरचनेचे नियम गणिताच्या कसोशीने मांडता येतात अशी त्यांची धारणा. नोम चॉम्स्की हे त्यांचेच शिष्य. १९५८ च्या जूनपासून १९५९ च्या जुलैपर्यंत हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली एक विलक्षण उद्योग चालला. इंग्रजी वाक्य यंत्रात घालावयाचे आणि त्यातील नामाचा समूह कोणता, क्रियापदाचा कोणता, कोणते शब्द कोणावर अवलंबून आहेत, हे यंत्राकडून ओळखवून घ्यावयाचे. शाळेत पंतोजी ज्यास वाक्यपृथक्करण म्हणत आणि ज्याच्या भीतीने आमच्या पिढीतील मुले पोटदुखीची सबब सांगत, तेच काम यंत्राच्या गळ्यात बांधावयाचे होते. त्या कामावर जी मंडळी होती त्यांत हा रेडिओ कंपनीतून आलेला इंजिनियर होता.

ज्या युनिव्हॅक यंत्रावर हे काम झाले त्याची स्मरणशक्ती किती? एक हजार शब्द, प्रत्येक शब्द बारा अक्षरांचा. म्हणजे सारी मिळून बारा हजार अक्षरे. प्रस्तुत लेखासारख्या एखाद-दोन लेखांनी ते यंत्र तुडुंब भरले असते. ती अक्षरेही पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनीच्या लहरी सतत फिरवीत ठेवून सांभाळावी लागत. लहर थांबली की स्मरण पुसले. एवढ्याशा जागेत वाक्यपृथक्करणाचे नियम आणि वाक्य अशी दोन्ही बसवावयाची, तर नियम किती आटोपशीर हवेत! येथे वैयाकरणाच्या पांडित्याइतकीच इंजिनियरची काटकसर उपयोगी पडली. वाक्यावरून एकामागून एक चाळण्या फिरवाव्यात, पहिल्या चाळणीने नामांचे समूह बांधावेत, दुसरीने त्यांना चिकटलेले शब्द, तिसरीने क्रियापदाचा परिवार, अशी ती युक्ती होती. पुढे पस्तीसएक वर्षांनी जोशी यांनी एका सहकाऱ्यासह जुनी कागदपत्रे काढून तो कार्यक्रम नव्या यंत्रावर पुन्हा उभा केला. जुने टिपण जपून ठेवण्याची ही सवय आम्हांस तरी फार पुणेरी वाटते.

१९६० साली जोशी यांनी डॉक्टरेट मिळविली, तीही इंजिनियरिंगचीच. आणि ते त्याच विद्यापीठात अध्यापक झाले. यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी ते विद्यापीठ सोडले नाही.

आता त्यांच्या मुख्य कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आणि सुदैवाने ते सांगण्यास आमच्या वसईच्या वाडीतील दृष्टांत पुरतो. "मुलाने आंबा खाल्ला" हे वाक्य घ्या. आंब्याच्या जागी चिंच आली की "खाल्ली" होते, केळे आले की "खाल्ले" होते. म्हणजे कर्म आणि क्रियापद यांचे सख्य आहे. आता म्हणा, "मुलाने आजोबांनी काल बाजारातून निवडून आणलेला पहिला आंबा खाल्ला." मध्ये कितीही पाहुणे येऊन बसले तरी मूळ नात्यास धक्का पोहोचत नाही. माणसाच्या तोंडास हे सहज जमते. यंत्रास कसे शिकवावे? वाक्य म्हणजे शब्दांची ओळ आहे असे न मानता ते एक झाड आहे असे मानावे, आणि ज्यांचे परस्परांशी नाते आहे ते शब्द आधीच एका लहान झाडात एकत्र बांधून ठेवावेत, असे जोशी यांचे म्हणणे. मग मोठे वाक्य करावयाचे तर कलम करावे. आपल्या नेहमीच्या कलमात खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. येथे मात्र फांदी जेथून फुटते तेथे ती कापून बाजूस ठेवावयाची, त्या जागी दुसरे लहान झाड बसवावयाचे, आणि बाजूस ठेवलेली फांदी त्या नव्या झाडाच्या एका टोकास पुन्हा जोडून द्यावयाची. झाड वाढते, पण मूळचे एकही नाते तुटत नाही. १९७५ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

यात नुसते सौंदर्य नव्हते, हिशेबही होता. नियम फार दुबळे ठेवले तर मानवी भाषेतील काही रचना त्यांच्या कवेत येत नाहीत. फार बलवान केले तर यंत्र वाक्य उलगडीत बसेल आणि युगे लोटतील. या दोहोंमधील नेमकी पायरी जोशी शोधीत होते. १९८५ मध्ये त्यांनी व त्यांचे विद्यार्थी विजय-शंकर यांनी दाखविले की, या कलमी व्याकरणाने वाक्य उलगडताना शब्दांची संख्या दुप्पट झाली तर काम फार तर चौसष्टपट वाढते. काकांच्या कागद-पेन्सिलीस चौसष्टपट ही वाढ भयंकर वाटेल. परंतु या शास्त्रात ती आटोक्यातील समजतात, कारण जे खरोखर आटोक्याबाहेर जाते त्याचा आकडा लिहावयास कागद पुरत नाही. १९५९ मधील वाक्यपृथक्करणापासून येथपर्यंत येण्यास सव्वीस वर्षे लागली, हे पाहावे. कोणत्या कंपनीने आपल्या नोकरास एवढी वर्षे एकाच प्रश्नापाशी बसू दिले असते? तिला दर वर्षी माल बाजारात आणावा लागतो, आणि त्यात तिचा दोष नाही.

परंतु आमच्या वाचक-भगिनींस त्यांचा १९८२ सालचा निबंध अधिक जवळचा वाटेल. प्राग येथे भरलेल्या संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जोशी यांनी जो विषय मांडला तो असा : सुशिक्षित मराठी माणूस एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी मिसळतो, ती मिसळ कोणत्या नियमांनी होते? आपल्याकडे या मिसळीवर टीका करण्याची मोठी परंपरा आहे. सभेत तिच्यावर भाषण करावे आणि घरी येऊन तशीच बोलावी, हेही परंपरेतच बसते. जोशी यांनी टीका केली नाही, तक्रार केली नाही; अशा बोलण्याची सवय असलेल्यांस कोणते मिश्र वाक्य कानास चालते आणि कोणते चालत नाही, याचा त्यांनी विचार केला. त्यांना आढळले की या धेडगुजरीतही कडक शिस्त आहे. मराठी ही यजमान, इंग्रजी ही पाहुणी. पाहुणीने बैठकीच्या खोलीत खुशाल यावे, पण घराच्या किल्ल्यांस हात लावू नये. "पुस्तक टेबलावर ठेव" यात टेबल चालते, परंतु "वर" हा प्रत्यय काढून त्या जागी "ऑन" बसवून "पुस्तक टेबल ऑन ठेव" असे कोणी म्हणत नाही. "बाबा कपाट पेंट करतात" हे चालते, पण "पेंटतात" म्हटले की नातवंडेही हसतात. नामे, विशेषणे, धातू यांची देवाणघेवाण होते; प्रत्यय, सर्वनामे, सहायक क्रियापदे ही मात्र यजमानाच्या कनवटीस राहतात. मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपले शास्त्रीय मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा अशा वाक्यांस कोणी व्याकरणाच्या दारातही उभे केले नसते. एका विजेच्या इंजिनियरने ती परदेशी विद्वानांच्या सभेत मानाने नेऊन बसविली.

येथे नंदाखालच्या माणसास दुहेरी कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. आमच्या या टापूत सामवेदी बोली बोलतात. सामवेदी ब्राह्मणांच्या घरांत ती आहे आणि कुपारी ख्रिस्ती बांधवांच्या घरांतही तीच आहे. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या मुलखाकडे पुष्कळांचे प्रथम लक्ष गेले. आजीशी सामवेदी, शाळेत पुस्तकी मराठी, गाडीत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असे ज्यांचे दिवसाचे चार प्रहर आहेत, त्यांच्या एका वाक्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण? सामवेदीच्या घरात पुस्तकी मराठी पाहुणी म्हणून येते की थोरली जाऊ म्हणून? जोशी यांचा निबंध वाचला की जेवणाच्या पंगतीतही माणूस कान टवकारून बसतो.

हे झाले संशोधन. पण विद्यापीठात माणूस शिकवावयासही जातो, आणि मुलाच्या वडिलांचा खरा प्रश्न तोच असतो की, दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून आपल्यास काय मिळणार? जोशी १९७२ पासून १९८५ पर्यंत संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. विभागप्रमुखाचे काम म्हणजे वेळापत्रके, नेमणुका आणि रुसवे. ते तेरा वर्षे सांभाळून त्यांनी वर सांगितलेले काम केले. त्यांच्या हाताखाली १९८२ मध्ये डॉक्टरेट झालेल्या कॅथलीन मॅककिओन पुढे कोलंबिया विद्यापीठात गेल्या, आणि तेथील इंजिनियरिंग शाखेत कायम प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मानसशास्त्रज्ञ लीला ग्लाइटमन यांच्यासह जोशी यांनी मनोव्यापारांच्या संशोधनाची एक स्वतंत्र संस्था पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभी केली. या ग्लाइटमनबाई १९५८-५९ च्या त्या युनिव्हॅकच्या कामावरही होत्या. तीस वर्षांनी जुने सहाध्यायी पुन्हा एकत्र आले. मानसन्मान उशिरा आले, पण भरघोस आले. संगणकीय भाषाशास्त्राच्या संघाने २००२ साली जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो प्रथम त्यांना दिला. २००३ साली रुमेलहार्ट पारितोषिक आणि २००५ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. तेव्हा ते पंच्याहत्तरीत होते, आणि "पण", "म्हणून", "तरीही" असल्या जोडशब्दांनी इंग्रजी मजकुरातील वाक्ये एकमेकांस कशी बांधली जातात याची मोठी नोंदवही तयार करण्यात आपल्या मंडळीसह गुंतले होते. तिची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली; तीत अशी चाळीस हजारांहून अधिक बंधने नोंदलेली आहेत. ३१ डिसेंबर २०१७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, फिलाडेल्फियात त्यांचे देहावसान झाले.

आमच्या समोरील काका येथे म्हणतील, "ते सर्व अमेरिकेत. आमच्या मुलाने येथे काय करावे?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यास गोड बोलून टाळणे बरे नव्हे. आपल्याकडे इंजिनियरिंग महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यास बी. ई. च्या पुढे एम. ई. किंवा एम. टेक. हवी, आणि वर चढावयाचे तर पीएच. डी. हवीच. ती करताना तीन-चार वर्षे शिष्यवृत्तीवर काढावी लागतात, कधी अधिक. घरावर कर्ज असेल किंवा पदरी लहान मूल असेल तर त्या वर्षांचा हिशेब घरातील सर्वांनी एकत्र बसूनच केला पाहिजे. अनेक खासगी महाविद्यालयांत कंत्राटी नेमणूक किंवा तासिकेवर पैसे, असाही प्रकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" नावाचा एक दरवाजा उघडला; त्यातून पीएच. डी. नसलेल्या अनुभवी माणसास आत घेता येते. परंतु त्यास किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची. पन्नाशीच्या गृहस्थास तो उत्तम आहे. तिशीच्या मुलाने त्यावर भिस्त ठेवू नये.

तेव्हा मुलगा हा विषय काढील त्या दिवशी पगाराचा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु त्याआधी, तू कोणता प्रश्न घेऊन चालला आहेस, एवढे त्यास विचारावे. वरिष्ठांशी पटत नाही म्हणून, किंवा गाडीतील गर्दीचा वीट आला म्हणून जो कंपनी सोडतो, त्यास विद्यापीठातही वरिष्ठ भेटतात आणि गाडीही तीच असते. कंपनीत ज्यावर बसावयास सवड नाही असा एखादा प्रश्न ज्यास रात्री झोपू देत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याने जोशी यांच्याप्रमाणे प्रथम नदीच्या दोन्ही तीरांवर पाय ठेवून पाहावे; आणि ती दोन-चार वर्षे घरच्यांनी त्याच्या रात्रीच्या अभ्यासास एक खोली मोकळी करून द्यावी. एकत्र कुटुंबात पैशापेक्षा खोलीचीच अडचण मोठी असते, हे ज्यांच्या घरी असा मुलगा आहे ते जाणतात.

असे प्रश्न आमच्या उंबरठ्याशीही पडलेले आहेत. आजची भाषांतर करणारी यंत्रे जोशी यांच्या काळाप्रमाणे नियम शिकून काम करीत नाहीत. ती अफाट छापील मजकूर गिळून त्यावरून अंदाज बांधतात. इंग्रजीत तसा मजकूर उदंड आहे, मराठीत त्या मानाने थोडा, आणि सामवेदीत तर मूठभर. जी बोली मुख्यतः तोंडातोंडी जगते तिचे यंत्रास काय कळणार? तिच्यासाठी अजूनही जुनाच मार्ग खुला आहे : बोलणाऱ्या माणसांपाशी बसावे, हे वाक्य चालते का, ते चालते का, असे विचारीत जावे, आणि टिपून घ्यावे. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या गावांतील कित्येक म्हाताऱ्यांना या विचारण्याचा कंटाळा नाही. उलट, कोणी विचारावयास येत नाही, एवढीच त्यांची तक्रार असते.